आठवं वाक्य

पहाटे साडेपाचला मी चिकट भात वाफेवर ठेवते. तो होईपर्यंत आंघोळ उरकते आणि भाताची टोपली घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. भिक्खू अनवाणी येतात, पात्राचं झाकण काढतात, मी वाढते आणि गुडघ्यांवर बसून आशीर्वाद घेते. घरी येऊन पंचशील म्हणते. पहिलं शील जीव न घेण्याचं. एकवीस वर्षांत यात एका दिवसाचाही खंड पडलेला नाही. त्या दिवसांत हे सगळं आटोपलं की मी स्कूटर काढून ऑफिसात जायचे आणि नऊ वर्षांच्या एका मुलीला मारायचे.

आमचं ऑफिस चियांग माईच्या जुन्या खंदकाबाहेर, एका तीन मजली इमारतीत होतं. खाली नूडल्सची खाणावळ, त्यामुळे दुपारपर्यंत जिन्यात नारळाच्या दुधाचा आणि तळलेल्या मिरचीचा वास भरून असायचा. मागच्या अंगणात खांबावरचं भूमिदेवतेचं घर. तिच्यापुढे लाल सरबताची बाटली, आत नळी घालून, रोज ताजी ठेवायची. हे काम कुणी न सांगता माझ्याकडे आलं होतं. वरच्या दोन मजल्यांवर आम्ही अठरा जण चार वर्षं एक गेम करत होतो. मी टेस्टर. बाकीचे गेम बांधायचे, मी आणि आणखी दोघं तो कुठे मोडतोय ते शोधायचो.

गेममध्ये एक शिपाई आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन सीमेवरच्या जंगलातून पळत असतो. बहिणीचं नाव सेंगदा. खेळणारा नऊ तास तिला पाठीवर घेतो, नदी पार करवतो, तिची अखंड बडबड ऐकतो. शेवटी तिचा पाय सुरुंगावर पडतो. एका पायाचं गुडघ्याखाली काही राहत नाही, पोट फाटतं, आणि जवळचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर असतं. ती म्हणते, "दादा, लवकर कर." मग खेळणाऱ्यानं अंगातला सदरा काढून तिच्या नाकातोंडावर धरायचा आणि बटण दाबून ठेवायचं. अकरा सेकंद. तिची उरलेली एक टाच मातीत घासत राहते. मधेच बटण सोडलं तर ती मोठ्यानं श्वास ओढते, डोळे उघडते, काहीतरी बोलते, आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसरी वाट ठेवलेलीच नव्हती. काहीच केलं नाही तर ती रक्त गाळत पडून राहायची. तासन्‌तास. मरायची नाही.

सोडल्यावर बोलायची वाक्यं सात होती. "थांबलास का?" "अजून दुखतंय." "आई दिसत होती रे." "तू रडू नको ना." अशी. मी पहिल्या सेकंदाला सोडून बघायचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. श्वास वेळेवर येतो का, ओठ हलतात तेव्हाच आवाज येतो का.

"इथे लोकांना हुंदका आला पाहिजे, कानताई," आमचे प्रमुख अनन सांगायचे. माझं नाव कन्निका, पण ऑफिसात सगळे कानताईच म्हणत. "श्वास जरा उशिरा आला तर लोक हसतील. चार वर्षं पाण्यात."

प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी मी हात जोडून तिची क्षमा मागायचे. पुढच्या टेबलावर आवाजाचं काम करणारा विरोट बसायचा. त्याला हे बघून फार चेव यायचा.

"कानताई, मारा पण हात नका जोडू हो. ती बिचारी ओळखते, आता आपलं काही खरं नाही."

"तू कानाला लाव ते तुझं आणि गप बस."

"आणि आज अष्टमी ना? म्हणजे दुपारनंतर उपास. तुमच्या वाटणीचं सॉसेज मी खातो, पुण्य तुमच्या खात्यात."

सेंगदाचा चेहरा आणि आवाज विरोटच्या मुलीचा होता, पिमचा. अनननी बाहेरची मुलगी शोधली नाही. पिमच्या तोंडावर ठिपके चिकटवून चहूबाजूंनी फोटो घेतले, आणि गुदमरण्याचे आवाज विरोटनंच घेतले, स्वतःचा सदरा तिच्या तोंडावर धरून. आपल्याकडे शेतकरी घालतात तसला, निळीत रंगवलेला जाडाभरडा. प्रत्येक वेळी पिम फिस्सकन हसायची. "बाबा, माशाचा वास येतोय!" ते हसणं मग कापून काढलं.

पिम दोन वर्षांची असताना तिची आई सोडून गेलेली, त्यामुळे शाळा सुटली की ती ऑफिसात यायची, माझ्या टेबलाखाली पाय पसरून तळलेली केळी खायची.

"कानमावशी, आज मी किती वेळा मेले?"

"सव्वीस."

"बापरे," म्हणून ती पुढचं केळं उचलायची.

माघ पौर्णिमेला मी विहारात गेले. दान झालं, भिक्खूंचं पठण सुरू झालं, आणि आम्ही सगळ्यांनी पुण्याचं पाणी सोडायला घेतलं. लहानशा पितळी चंबूतून खालच्या वाटीत पाण्याची बारीक धार सोडायची आणि आपलं पुण्य गेलेल्यांना द्यायचं. नाव घेतलं नाही तरी चालतं, चेहरा डोळ्यांपुढे आणायचा. ज्याचा चेहरा त्याला पोचतं. मी आईला दिलं, वडिलांना दिलं, नवऱ्याला दिलं. चंबूत पाणी उरलं होतं, पठण संपलं नव्हतं, आणि धार मधेच तोडायची नसते. तेव्हा मला सेंगदा आठवली. हजारो वेळा मेलेली मुलगी. तिच्यासाठी एकदाही कुणी पाणी सोडलेलं नाही. मी डोळे मिटून तिचा चेहरा आणला आणि उरलेलं सगळं तिला दिलं. मग वाटीतलं पाणी फणसाच्या मुळाशी ओतलं.

तो चेहरा एका जिवंत मुलीचा आहे हे मला पाणी जमिनीत मुरल्यावरही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी सहाव्या सेकंदाला बटण सोडलं. सेंगदानं श्वास ओढला, डोळे उघडले आणि म्हणाली, "पाणी मिळालं."

मी यादी काढून पाहिली. सात वाक्यं. त्यात हे नव्हतं.

"विरोट, तू नवीन वाक्य घातलंस?"

"कसलं नवीन? वाक्यं मागच्या पावसाळ्यातच बंद केली." तो उठून आला, माझ्या स्क्रीनचं झालेलं रेकॉर्डिंग त्यानं तीनदा ऐकलं. त्या जागी काही नव्हतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. "उपास कमी करा ताई. कान वाजायला लागलेत."

आवाज नव्हता हे खरं. पण तिचे केस ओले होते. तो सगळा प्रसंग उन्हाळ्यातला, भेगा पडलेल्या जमिनीवरचा. मी चित्रं काढणाऱ्या मुलाला दाखवलं. त्यानं दोनदा तपासलं आणि 'बग' म्हणून लिहून घेतलं.

तेवढ्यात विरोटचा फोन वाजला. शाळेतून होता. पिम मैदानावर रांगेत उभी असताना कोसळली होती. श्वास अडकला, मग आपोआप सुरू झाला.

"धूर," विरोट म्हणाला. तो शेतं जाळण्याचा हंगाम होता, डोंगर दिसेनासा झाला होता, गावातली निम्मी मुलं खोकत होती. "मास्क घाल म्हटलं की घालत नाही कार्टी."

संध्याकाळी पिम आली ती माझ्या टेबलाखाली न जाता माझ्याजवळ उभी राहिली. तिच्या नाकापासून हनुवटीपर्यंत बारीक बारीक चौकड्या उमटल्या होत्या, भरड कापड दाबून धरल्यावर उमटतात तशा. मी बोट फिरवलं. बोटाला किंचित निळं लागलं.

"कितीला पडलीस गं?"

"घंटा झाल्यावर. अकरा वीसला." ती माझ्या स्क्रीनकडे बघत होती. "मावशी, आज जोरात धरलंस."

मी त्या दिवसापासून बटणाला हात लावला नाही. तब्येतीचं कारण सांगितलं, दुसरा भाग तपासायला घेतला. पण आणखी दोन टेस्टर होते, आणि गेम बाहेर पडायला अठरा दिवस उरले होते. रोज पिम एकदा तरी कोसळायची. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, दम्याची फवारणी दिली. चौथ्या दिवशी तिच्या डाव्या टाचेचं कातडं सोलून निघालं. ती अंथरुणातच होती, उठलीही नव्हती. पायमोज्यात लाल माती सापडली.

विरोटनं मग डॉक्टर सोडून खाम आजोबांना बोलावलं. आमच्या उत्तरेकडे अजून हे चालतं. मूल फार बिचकलं की त्याचा ख्वान, म्हणजे अंगातला जीव, बाहेर पळतो, त्याला हाका मारून परत आणावं लागतं. दुपारी चार वाजता त्यांच्या घरी पिमला चटईवर बसवलं, मीही गेले होते. पुढे उकडलेलं अंडं, केळी, तांदूळ. आजोबा तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधत हाका घालू लागले, "ये बाळा, नदीवर असशील तर ये, जंगलात असशील तर ये." मग त्यांनी चिमूटभर तांदूळ उचलून मोजले. सम आले तर जीव आला. विषम आले. पुन्हा उचलले. पुन्हा विषम.

आजोबांनी हात खाली ठेवले. "येतोय तो. अर्ध्या वाटेवर कुणीतरी ओढतंय."

पिमचं तोंड मिटलं होतं. नाकपुड्या आत चिकटल्या. ओठ निळे पडायला लागले. पाय मात्र हलत होता, टाच चटईवर घासत होती.

मी फोन काढून ऑफिसात लावला. टेस्टर नोपनं उचलला.

"नोप, काय करतोयस?"

"सेंगदाचं. सातवा सेकंद चाललाय, थांबा."

"सोड ते. आत्ता सोड."

"बरं. सोडलं."

पिमनं छाती फाटेल असा श्वास ओढला, डोळे उघडले आणि म्हणाली, "अजून दुखतंय."

फोनमधून, त्याच क्षणी, तोच आवाज आला.

मग नोप म्हणाला, "ताई, आता पुन्हा धरू का?"

मी विरोटला सगळं सांगितलं. पाणी, फणस, चेहरा. तो ऐकत राहिला. त्याचा हात कधी उठला ते मला कळलं नाही. माझं डोकं दाराच्या खांबावर आपटलं आणि भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं.

"मेलेल्यांचं पाणी! माझ्या जित्या पोरीला! सकाळ-संध्याकाळ शीलं म्हणतेस ना तू?"

 

त्यानं पिमला उचलून गाडीत घातलं, घरामागून लोखंडी पहार घेतली. मी तिला मांडीवर घेऊन बसले. ऑफिसच्या जिन्यात त्यानं तिला माझ्याजवळ सोडलं आणि वर गेला. मग आवाज सुरू झाले. काच. पत्रा. कुणीतरी ओरडलं. पहारीचा दणका, मग वायर तुटल्याचा तडतडाट, मग जळका वास. नोप हात धरून खाली पळाला, त्याची दोन बोटं लोंबत होती, पायरीपायरीवर रक्त सांडत गेलं.

"विरोट!" अनन ओरडत होते. "अरे, मशिनं फोडून काय होणार? गेम परवाच पाठवलाय! खेळून बघायला, चारशे जणांना! जगभर!"

पहार थांबली.

जिन्यात नारळाच्या दुधाचा वास होता. पिम माझ्या मांडीवर आडवी, मनगटात पांढरा दोरा.

"थांबलास का?" ती म्हणाली.

मग श्वास.

"तू रडू नको ना."

श्वास.

"थांबलास का?"

"आई दिसत होती रे."

"थांबलास का?"

कुठे कुठे कोण कोण बसलं होतं, आणि धीर न होऊन मधेच सोडत होतं.

मग ती बोलायची थांबली. कुणीतरी सोडत नव्हतं. मी मोजू लागले. आठ. नऊ. तिचे डोळे माझ्यावर होते.

दहा.

मी वाकून तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि बटण धरून बसलेल्या त्या सगळ्यांना म्हणाले, "मला घ्या. चेहरा माझा घ्या."

तिनं श्वास ओढला.

वर जाऊन मी अनन यांना सांगितलं, पिमचा चेहरा काढा, आवाज काढा, माझा घाला. विरोट पहार घेऊन दारात उभा होता, फुटलेल्या स्क्रीनमधून अजून ठिणग्या पडत होत्या. अनन भिंतीला टेकून खाली बसले होते. हा प्रसंग गाळता येणार नाही, गेमचा जीव यातच आहे, असं ते दोनदा म्हणाले. मग माझ्या रक्तानं माखलेल्या तोंडाकडे बघत राहिले.

"बहिणीच्या जागी आई," ते हळूच म्हणाले. "आई केली तर आणखी रडतील."

चौदा दिवस सगळे झोपेविना राबले. चारशे जणांचा जुना गेम बंद करून नवा पाठवला. माझ्या तोंडावर ठिपके चिकटवले. श्वासाचं रेकॉर्डिंग विरोटनंच केलं, तोच सदरा माझ्या नाकातोंडावर धरून. त्याला खरोखरच माशाचा वास होता. मी हसले नाही. अकरा सेकंद झाल्यावरही त्यानं हात काढला नाही. मग काढला.

गेम बाहेर पडायच्या आदल्या दिवशी मी विहारात गेले. स्वतःचा चेहरा डोळे मिटून आठवता येत नाही, मी प्रयत्न केला होता. म्हणून वाटीत वाकून बघितलं आणि धार माझ्याच प्रतिबिंबावर सोडली. शेवटच्या थेंबापर्यंत.

त्या रात्रीपासून पिमच्या चेहऱ्यावर एकही चौकडी उमटली नाही. टाच भरून आली. ती पुन्हा शाळेत जाते, मैदानावर पळते, मास्क घालत नाही.

गेम फार चालला. लाखो लोकांनी खेळला. जिथे आई मरते तिथे आपण तोंड लपवून रडलो असं कुठकुठले लोक लिहितात. अनन ती पत्रं छापून जिन्यात लावतात. मी वाचते. लोक चांगले आहेत. मन घट्ट करून अकरा सेकंद धरणारे थोडे. बहुतेकांना दया येते, ते मधेच सोडतात, डोळे पुसतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. एका बाईनं लिहिलं होतं, तिला चाळीस वेळा सोडावं लागलं.

माझं पहाटेचं सगळं अजून तसंच चालतं. भिक्खूंना भात वाढताना कधी कधी हात थांबतो. ते ओळखीचे झालेत, पात्र तसंच धरून उभे राहतात. बोलता बोलता मी मधेच गप्प होते. लोकांना वाटतं, ही मुळातच हळू बोलणारी. तोंडावर मी रुमाल बांधते. धुराचा हंगाम संपला, तरी बांधते.

वैशाख पौर्णिमेला विरोट पिमला घेऊन विहारात आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो माझ्या शेजारी बसला. चंबू धरायचा हट्ट पिमनं केला. आजी, पणजी, शेजारचं कुत्रं, असं तिनं एकेकाला दिलं. पाणी उरलं होतं, पठण संपलं नव्हतं. तिनं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं, मग डोळे मिटले. धार पडत राहिली.

मी जिवंत होते. तिच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर बसले होते. तिला सांगायला हवं होतं, मी तोंड उघडलंही.

"पाणी मिळालं," मी म्हणाले.

विरोटचा चेहरा पांढरा पडला. पिमनं डोळे उघडले नाहीत, दचकली नाही. तिनं चंबू आणखी थोडा कलता केला, धार मोठी केली, आणि आतला शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरून ठेवला. तिथे किती तहान लागते, ते तिला ठाऊक होतं.